घराच्या उंबऱ्यापाशी थांबलेला कायदा

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात आमच्या सहचिटणीसांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणानंतर बरीच चर्चा झाली व अनेक सभासदांनी ते छापावे अशी सूचना केली, म्हणून येथे देत आहोत. सभासदांच्या प्रतिक्रियांचे स्वागत आहे. – संपादक)



दर वर्षी या मेळाव्यात मी हिशेब वाचून दाखवतो. बँकेत कारकून असल्याने ते काम माझ्याकडेच येते आणि मला जमतेही. या वर्षी कार्यकारिणीने ‘मुलांच्या प्रश्नावर दोन शब्द बोल’ असे सांगितले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वकील नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच. त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण विषय मी मुद्दाम निवडला आहे. का निवडला, ते आधी सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या संस्कार वर्गात एक प्रसंग घडला. पाठांतर झाले नाही म्हणून एका स्वयंसेवकाने आठ वर्षांच्या मुलीच्या हातावर लाकडी पट्टीने मारले. वळ उठला. दुसऱ्या दिवशी तिची आई कार्यालयात आली. आवाज न चढवता तिने एवढेच विचारले, ‘तुमचा याबाबत नियम काय आहे?’ आपल्याकडे नियम नव्हता. आम्ही त्या स्वयंसेवकाला समज दिली, आईला चहा पाजला आणि विषय मिटवला. त्या बैठकीचे कार्यवृत्त मी लिहिले. सतरंज्यांची खरेदी, पंख्याची दुरुस्ती, सहलीची वर्गणी, सगळे त्यात आहे. तो प्रसंग नाही. मला कोणी गाळायला सांगितले नव्हते. मीच गाळला. ते कुटुंब त्यानंतर मंडळात आलेले नाही.

बँकेत एखादी नोंद गाळली तर संध्याकाळी डे-बुक टॅली होत नाही, आणि फरक सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. माझा हा फरक अजून सापडायचा होता. म्हणून मी वाचायला लागलो, आणि त्या आईने विचारलेला प्रश्न जगभर किती देशांनी स्वतःला विचारला आहे हे कळले तेव्हा मी चकित झालो. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात स्वीडनपासून

शाळेत मुलांना मारायचे नाही असा नियम जगात सर्वांत आधी पोलंडने केला, १७८३ साली. म्हणजे इकडे सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती तेव्हा. पण घरातसुद्धा मारायचे नाही, आई-बापांनीही नाही, हे कायद्यात लिहायला जगाला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ते पाऊल स्वीडनने १९७९ साली उचलले.

स्वीडनमध्ये हे एका दिवसात झालेले नाही. तिथेही जुनी मंडळी छडीच्या धाकात वाढली होती. १९५८ साली तिथल्या प्राथमिक शाळांतून छडी गेली. १९६६ साली पालकांना मारण्याची मुभा देणारा शब्द कायद्यातून काढला, पण मनाईही लिहिली नाही. मनाई नाही म्हणजे परवानगी आहे, असे लोक समजत राहिले. अखेर १९७९ साली पालकत्वाच्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की मुलांना शारीरिक शिक्षा किंवा अपमानास्पद वागणूक देता येणार नाही. संसदेत बाजूने २५९ मते पडली, विरोधात फक्त ६. कायदा १ जुलै १९७९ पासून लागू झाला.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या कलमात शिक्षा लिहिलेली नाही. दंड नाही, तुरुंग नाही. गंभीर मारहाणीला फौजदारी कायदा होताच. या नव्या कलमाचे काम होते समाजाला सांगणे, की हे चालणार नाही. आणि सांगण्याचे काम त्यांनी मनापासून केले. घरोघरी माहितीपुस्तिका पाठवली, बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांसाठी तिची भाषांतरे केली. दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला, म्हणजे सकाळी न्याहारीला बसलेल्या आई-बापांच्या आणि मुलांच्या नजरेस तो एकाच वेळी पडावा. आपल्याकडे सरकारी अधिसूचना राजपत्रात छापून येते आणि तिथेच राहते. दुधाच्या पिशवीवर छापली असती तर निदान वाचली गेली असती.

परिणाम काय झाला? १९६० च्या दशकात निम्म्याहून अधिक स्वीडिश पालकांना मार आवश्यक वाटत होता. पुढच्या पिढीत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले.

या कायद्याच्या आदल्या वर्षी, १९७८ साली, तिथल्या बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांना जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार मिळाला. फ्रँकफर्टच्या समारंभात त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका आईने मुलाला शिक्षा करायचे ठरवले आणि त्यालाच बाहेर जाऊन छडी शोधून आणायला सांगितले. मूल बऱ्याच वेळाने रडत परत आले. छडी सापडली नव्हती, म्हणून त्याने दगड आणला होता, आईला फेकून मारता यावा म्हणून. मुलाचा हिशेब साधा होता. आईला मला दुखवायचेच आहे, मग दगडानेही चालेल. आईने मुलाला जवळ घेतले आणि तो दगड कायमचा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला. माझे वाचन मंडळाच्या ग्रंथालयापुरते आहे, पण त्यात मुलाच्या नजरेने मार कसा दिसतो हे इतक्या थोड्यात सांगणारे मला दुसरे काही सापडले नाही.

यादी वाढत गेली

स्वीडननंतर फिनलंड १९८३, नॉर्वे १९८७, ऑस्ट्रिया १९८९. तोवर लोक म्हणत, हे थंड देशांतले श्रीमंतांचे चोचले आहेत. पण १९८९ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार संमत केला. त्याच्या १९ व्या कलमात आई-वडिलांच्या ताब्यात असतानाही मुलाचे सर्व प्रकारच्या हिंसेपासून संरक्षण करणे ही राष्ट्राची जबाबदारी मानली आहे. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये या कराराला मान्यता दिली. म्हणजे आपणही त्यावर सही करून बसलो आहोत.

पुढची नावे ऐका. जर्मनी २०००. न्यूझीलंड, स्पेन, पोर्तुगाल, उरुग्वे २००७. ट्युनिशिया, केनिया, पोलंड २०१०. ब्राझील २०१४. आयर्लंड २०१५. मंगोलिया २०१६. फ्रान्स २०१९. दक्षिण कोरिया २०२१. झांबिया २०२२. थायलंड २०२५. आज असे ६५ हून अधिक देश आहेत, जिथे घर, शाळा, वसतिगृह, कुठेच मुलाला मारण्याची कायदेशीर मुभा नाही. या यादीत आफ्रिका आहे, दक्षिण अमेरिका आहे, बौद्ध देश आहेत, मुसलमान देश आहेत. तेव्हा चोचल्यांचा मुद्दा इथेच संपला असे मी समजतो.

आणि हो, आपला शेजारी नेपाळसुद्धा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जुन्या बालकायद्यातली ‘किरकोळ मारहाणी’ची सूट रद्द केली आणि २०१८ च्या नव्या बालकायद्याने घरातल्या मारालाही मनाई केली. दक्षिण आशियात असे करणारा तो पहिला देश. आपण ज्याला धाकटा भाऊ म्हणतो, तो या बाबतीत आपल्या पुढे निघून गेला.

जपानची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल, कारण तिथेही वडीलधाऱ्यांचा मान आणि शिस्त यांना फार महत्त्व. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन लहान मुलींचा घरातल्या छळाने मृत्यू झाला. आई-बापांचा बचाव तोच, आम्ही शिस्त लावत होतो. देश हादरला. जून २०१९ मध्ये कायदा बदलला, एप्रिल २०२० पासून घरातली शारीरिक शिक्षा निषिद्ध झाली. पुढे २०२२ मध्ये नागरी संहितेतले पालकांच्या ‘शिस्त लावण्याच्या अधिकारा’चे कलमच काढून टाकले. शिस्त आणि मार यांच्यात लक्ष्मणरेषा कुठे, हे प्रत्येकाने आपापल्या रागाच्या माथी ठरवायचे असेल तर रेषा उरतच नाही, हे त्यांना दोन मुलींचे प्राण गेल्यावर कळले.

सगळीकडे उजेडच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत घरातल्या माराला बंदी नाही आणि डझनाहून अधिक राज्यांत शाळेतली शिक्षाही अजून कायदेशीर आहे. ज्या इंग्लंडने आपल्याला कायदा दिला, तिथे स्कॉटलंडने २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये बंदी आणली, पण खुद्द इंग्लंडमध्ये ‘वाजवी शिक्षा’ हा बचाव अजून शिल्लक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली दिलेला अंदाज असा, की दरवर्षी सुमारे १२० कोटी मुले घरी शारीरिक शिक्षा भोगतात.

आपला कायदा कुठे थांबला

इंग्लंडमधला हा ‘वाजवी शिक्षे’चा बचाव आला कुठून? १८६० साली ईस्टबोर्न गावी एका मास्तराने पंधरा वर्षांच्या मंद समजल्या गेलेल्या मुलाला इतके मारले की तो मेला. मारण्याआधी त्याने मुलाच्या वडिलांची पत्राने परवानगी घेतली होती. मास्तराला शिक्षा झाली खरी, पण त्याच खटल्यात न्यायाधीशांनी तत्त्व सांगून ठेवले, की बाप किंवा मास्तर माफक आणि वाजवी मार देऊ शकतो. मूल मेल्याच्या खटल्यातून मारण्याची परवानगी निघाली. ती दीडशे वर्षे चालली.

योगायोग पाहा, त्याच १८६० साली आपली भारतीय दंड संहिता मंजूर झाली. तिचे ८९ वे कलम सांगे, की बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने, किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्याने, सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा नाही. मृत्यू घडवणे, गंभीर दुखापत यांना त्यात मर्यादा आहेत. या कलमाखाली कायद्यात दिलेले उदाहरण मी मुद्दाम वाचले. ते आहे मुलाच्या मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचे. बाप मुलाला शल्यवैद्याकडे नेतो, धोका असतो, तरी हेतू मुलाचा जीव वाचवण्याचा असतो. कलम शस्त्रक्रियेसाठी होते, त्याच्या आडोशाला छडी येऊन बसली. शिक्षकांवरचे खटले वर गेले तेव्हा ‘सद्भावने’चा बचाव पुढे येत राहिला. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. इंग्रजांची नावे गेली. ते कलम मात्र २७ व्या क्रमांकावर तसेच आले.

आता जमेची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये शाळेत छडी मारू देणारा दिल्लीचा नियम रद्द केला. आपल्या गोव्याच्या बांधवांचे विशेष अभिनंदन, कारण गोवा बाल अधिनियम २००३ मध्येच आला आणि त्याने शाळांतली शारीरिक शिक्षा बंद केली. देशभरासाठी शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. पण तो सहा ते चौदा वयाच्या मुलांचा आणि शाळेचा कायदा. बालसंगोपन संस्थांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वेगळी तरतूद आहे. मुलाचा क्रूरपणे छळ करणाराला, मग तो पालक का असेना, त्याच कायद्याखाली शिक्षा होऊ शकते.

म्हणजे शाळेत मनाई, बालगृहात मनाई, घरात क्रौर्याला मनाई. उरला घरातला रोजचा मार: धपाटा, चापट, लाटणे, कमरेचा पट्टा. आणि आपल्या संस्कार वर्गासारख्या जागा, ज्या धड शाळा नाहीत आणि धड घरही नाहीत. तिथे कायदा उंबऱ्यापाशी चप्पल काढून उभा आहे, आत येत नाही. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून अहवाल केला. त्यात तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी बहुतेकांना मारणारे स्वतः आई-वडील होते.

आणखी एक नोंद सांगतो. इंग्रजांनी १८६४ साली फटक्यांच्या शिक्षेचा कायदा केला, १९०९ साली नवा केला. स्वतंत्र भारताच्या संसदेने तो १९५५ साली रद्द केला. म्हणजे गेली सत्तर वर्षे या देशात दरोडेखोरालाही सरकार फटके मारू शकत नाही, कारण ते माणुसकीला धरून नाही. नोकराला मारता येत नाही. बायकोला मारले तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. माझ्या काउंटरवर रोज एकतरी ग्राहक असा येतो की हात शिवशिवतात, पण मी मारले तर त्याच दिवशी निलंबित होईन आणि ते योग्यच होईल. ‘त्याच्या भल्यासाठी’ मारायची सूट उरली आहे ती फक्त सर्वांत लहान, उलट मारू न शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत.

आक्षेप

आता तुमच्या मनात आलेले आक्षेप मी घेतो, कारण ते माझ्याही मनात होते.

पहिला आक्षेप, आम्ही मार खाल्ला, आमचे काय वाईट झाले? मराठीत छडीची म्हण आहे, गुजरातीत सोटीची आहे, दोन्हींत विद्या घमघमतच येते. श्यामच्या आईनेही पोहायला जात नाही म्हणून श्यामला मारले होते. पण साने गुरुजींचे ते पुस्तक आपण कशासाठी वाचतो? त्या माऊलीने समजावून सांगितले त्यासाठी, की मारले त्यासाठी? मार खाऊनही आपण बरे निघालो, यात आपल्या आई-वडिलांच्या बाकीच्या मायेचा वाटा आहे. मायेची जमा माराच्या खात्यावर दाखवू नये. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१६ साली पन्नास वर्षांतल्या ७५ अभ्यासांचा, सुमारे १ लाख ६० हजार मुलांचा एकत्र आढावा घेतला. मार जितका जास्त, तितका हट्ट, आक्रमकपणा आणि मनाचे त्रास जास्त आढळले. मुले अधिक आज्ञाधारक झाल्याचे आढळले नाही.

दुसरा आक्षेप, पोलीस घरी येतील, मुले काढून नेतील. आपल्यापैकी कित्येकांची मुले-सुना परदेशात आहेत, त्यामुळे ही भीती खरी आहे. नॉर्वेत २०११ साली एका बंगाली दांपत्याची दोन मुले सरकारने ताब्यात घेतली, त्यावर पुढे चित्रपटही निघाला. सरकारी खात्याला अमर्याद अधिकार दिले तर काय होऊ शकते याचा धडा त्यातून घ्यावाच. पण मूल घरातून काढून नेण्याचा अधिकार ही एक गोष्ट आणि मारू नये हा नियम ही वेगळी गोष्ट. न्यूझीलंडच्या २००७ च्या कायद्यातच लिहिले आहे, की अगदी किरकोळ बाबतीत, सार्वजनिक हित नसेल तर, पोलिसांनी खटला न भरण्याचा विवेक वापरावा. तरी तिथल्या जनतेला तो रुचला नव्हता. २००९ च्या जनमत चाचणीत मतदान करणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांनी चापटीला गुन्हा ठरवू नये असे मत दिले. सरकारने कायदा तरीही ठेवला. बापांनी तुरुंग भरले नाहीत, घरे मोडली नाहीत. मुलांना मत नसते, हे त्या सरकारने ध्यानात ठेवले.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. आमच्या घरात सरकारचा काय संबंध?

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न बडोद्याच्या माणसाने विचारू नये. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड! तेव्हाही लोकांनी विचारलेच असेल की पोर आमचे, लग्न आमच्या घरातले, दरबाराला काय करायचे आहे. आज आपण प्रत्येक भाषणात, प्रत्येक स्मरणिकेत महाराजांचा अभिमान मिरवतो. आपल्या पणज्या शिकल्या त्या याच कायद्यांच्या छायेत. महाराज मुलाच्या हितासाठी उंबरा ओलांडून घरात आले होते. ते चालले, मग हे का चालू नये?

आणि गुजरातच्या मातीला हा विचार परकाही नाही. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढले, तिथे धाक नव्हता, शिक्षा नव्हती. त्यांच्यासोबत काम करायला गेल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांत जे काम केले, ते छडीशिवाय. मराठी आणि गुजराती यांनी मिळून शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेली गोष्ट आपण पाश्चात्यांची म्हणून नाकारायची, हे काही बरोबर नाही.

माझ्या घरचे

आता थोडे घरचे बोलतो. सौ.ला विचारून बोलतो आहे.

माझा मुलगा चौथीत होता. मार्चअखेर होती, बँकेतून रात्री साडेनऊला घरी आलो. त्याला व्याजाचे गणित येत नव्हते. तीनदा सांगितले. बँकेत काम करणाऱ्याच्या मुलाला व्याज येत नाही, याचा मला राग आला. मी मारले. एकदा नाही. त्याचा गाल सुजला. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने ‘पडलो’ असे सांगितले. मी शिकवलेले नसताना तो माझ्यासाठी खोटे बोलला.

चार दिवसांनी मी फडताळावरचा डबा काढायला हात वर केला. तो शेजारी जेवत होता. त्याने ताट सोडून दोन्ही हात डोक्यावर धरले. डबा तसाच राहिला. माझी आई तिथेच बसली होती. ती म्हणाली, ‘अरे, तुझे बाबा हात वर करायचे तेव्हा तूही असाच करायचास.’

मला ते आठवत नव्हते. माझ्या हातांना आठवत होते बहुधा.

त्या दिवसापासून मी मारलेले नाही. सोपे गेले असे नाही. राग येतो तेव्हा मी गॅलरीत जातो, दोन बादल्या पाणी झाडांना घालतो. टीव्हीचा तास काढून घेतो. जे बोलायचे ते जेवणानंतर बोलतो. गणित मी शिकवत नाही, त्याची आत्या शिकवते. मुलगा आता कॉलेजात आहे. उद्धट झाला का? अधूनमधून होतो. पण ‘पडलो’ असे खोटे त्याला पुन्हा सांगावे लागले नाही.

ठराव

म्हणून कार्यकारिणीच्या वतीने नव्हे, एक सभासद म्हणून मी तीन गोष्टी सुचवतो. अनुमोदन मिळाल्यास पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून घ्याव्यात.

एक. मंडळाच्या संस्कार वर्गात, सहलीत, शिबिरात, नाटकाच्या तालमीत कोणीही, कोणत्याही कारणाने, मुलाला मारणार नाही. उठाबशा, ओणवे उभे करणे, चारचौघांत हिणवणे यांचाही त्यात समावेश असावा. हा नियम फलकावर मोठ्या अक्षरांत लावावा आणि तक्रार आली तर ती कार्यवृत्तात नोंदवावी.

दोन. आपल्या खासदारांना आणि केंद्रीय मंत्रालयाला मंडळाचे निवेदन जावे, की भारतीय न्याय संहितेच्या २७ व्या कलमाचा आधार मुलांना मारण्यासाठी घेता येणार नाही असा खुलासा कायद्यात व्हावा, आणि घरातल्या शारीरिक शिक्षेला स्वीडनसारखी, म्हणजे तुरुंगापेक्षा समजावण्यावर भर देणारी, मनाई यावी. निवडणुकीत उमेदवार आपल्याकडे मते मागायला येतात, हळदीकुंकवालाही येतात. रस्ता, पाणी, मराठी शाळा हे आपण विचारतोच. त्यांना हाही प्रश्न विचारावा.

तीन. आपल्या या पत्रिकेत दर अंकात अर्धे पान पालकांसाठी ठेवावे. मारायचे नाही, तर काय करायचे? हे ज्येष्ठ शिक्षिकांनी आणि आज्यांनी लिहावे. नुसती मनाई करून भागत नाही. वाट दाखवावी लागते. स्वीडनने तेच केले.

ज्या स्वयंसेवकांनी पट्टी उगारली, ते आज इथे बसले आहेत. मी त्यांचे नाव घेणार नाही. ते आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा जास्त वेळ मुलांसाठी देतात. त्यांना स्वतःच्या गुरुजींकडून जे मिळाले तेच त्यांनी पुढे दिले. त्यांना दोषी ठरवायला मी उभा नाही. गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो होतो, कार्यवृत्ताचे सांगायला. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘भाऊ, नोंद कर. माझ्या नावासकट कर.’

नोंद मी केली आहे. पुरवणी कार्यवृत्त म्हणून ती वहीत लावली आहे, अध्यक्षांची सही व्हायची आहे. ती झाली की आम्ही दोघे त्या मुलीच्या घरी जाणार आहोत. तिची आई दार उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. उघडले, तर तिने विचारलेल्या प्रश्नाला या वेळी आमच्याकडे उत्तर असावे, एवढीच इच्छा आहे. ते उत्तर देणे तुमच्या हातात आहे.

 हिशेबाचा तक्ता दाराजवळ लावला आहे, तोही जाता जाता पाहावा.

जय हिंद.